जुन्या ट्रकचं इंजिन उचलताना हुकाची पट्टी परत परत वाकते, बोल्ट उपटतो: काय काय तपासायचं

हुकाची पट्टी म्हणजे इंजिनच्या हेडला (वरच्या झाकणासारख्या भागाला) बोल्टने बसवलेली, भोक असलेली पट्टी, इंजिन उचलताना चेन तिलाच लावतात. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा, आणि दोन-तीन एकदम दिसत असतील तर चेन लावायच्या आधी वाचा.

- इंजिन वर घेतलं की मागची बाजू खाली लोंबते, गियरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सुटता सुटत नाही
- पट्टी आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनच्या मध्याकडे वाकलेली
- पट्टीचं भोक गोल राहिलेलं नाही, वरच्या बाजूला लांबट झालंय
- बोल्ट कसायला गेलं की नुसता फिरत राहतो, बाहेर काढला तर आट्यांत बीडाचा (ओतीव लोखंडाचा) राखाडी चुरा
- गाडी चालू असताना एका ठराविक आरपीएमला वरून खडखड येते आणि सगळे टॅपेट सेट करत बसतात
- पट्टीच्या बोल्टच्या मुळाशी पाण्याचा ओघळ, खाली तांबूस डाग
- टॅपेट कव्हरच्या कडेला चेनचा चेपा

हे सगळं मी जुन्या टाटाच्या सहा सिलिंडर इंजिनांवरून लिहितोय. म्हणजे टाटा-बेंझचा करार होता १९५४ ते १९६९, त्या काळातल्या गाड्या आणि मग त्याच घराण्यातली पुढची १२१०. आमच्याकडे नवी मुंबईत कळंबोलीला अधूनमधून लेलँडची कॉमेट येते, क्वचित एखादी पर्किन्सवाली फार्गोही येते, हौशी लोक कुठून कुठून शोधून आणतात. तिघांच्या पट्ट्यांचा आकार वेगळा, बोल्ट वेगळे, पण दुखणं एकच.

आणि दुखणं असं की पट्टी वाकली की लोक ती ठोकून सरळ करतात, नाहीतर वेल्डरकडून जाड पट्टी बनवून घेतात, आणि पुढच्या ओव्हरहॉलला ती जाड पट्टीही त्याच बाजूला वाकते, किंवा ती वाकत नाही आणि तिच्याऐवजी बोल्ट हेडमधून आटे घेऊन बाहेर येतो, जे जास्त महागात जातं. पट्टी सहसा निर्दोष असते हो. ती कुठल्या बाजूला वाकली तेवढं नीट बघितलं तरी अर्धं निदान होतं. आत वाकली तर चेनचा कोन चुकतोय. एका अंगाला पिळली असेल तर हुक सरळ रेषेत नाही. भोक लांबट झालं तर झटके बसलेत किंवा हुकाचं टोक अडकवलंय. आणि बोल्ट ताणून मधे बारीक झाला असेल तर इंजिन कुठेतरी अडकलेलं असताना कुप्पी (वजन उचलायचा चेनचा पुली ब्लॉक) ओढलेली आहे.

आता एकेक करून बघू, फुकटातलं आधी.

पुसा आणि बघा

हसू नका, पण निम्म्या पट्ट्यांवर इतकं ग्रीस, ऑइल आणि जुना रंग असतो की खाली काय आहे ते कुणी वर्षानुवर्षं बघितलेलं नसतं. डिझेल आणि तारेचा ब्रश मारा, टॉर्च तिरका धरा. रंग जिथे कोळ्याच्या जाळ्यासारखा फुटलाय तिथे खालचं लोखंड हललेलं आहे. पट्टी हेडवर सपाट बसलीय का ते बघा, खाली रंगाचे थर किंवा गंज असेल तर ती टेकत नाही आणि सगळा भार बोल्टवर आडवा येतो. आपल्याकडे खाडीची हवा, गाडी जर ऐरोली-घणसोलीच्या बाजूला उघड्यावर चार पावसाळे काढून आली असेल तर पट्टीच्या खाली गंजाचा पापुद्रा असणारच असं धरूनच मी पट्टी काढून बघतो.

अजून एक, पट्टी पुढची मागे आणि मागची पुढे लागलेली असते. दोन्ही दिसायला सारख्या, पण वाक वेगळा, भोकाची उंची वेगळी. बोल्टची भोकं जुळतात म्हणून लावून टाकतात. पट्टीचं वरचं भोक चेनच्या ओढीच्या रेषेत येत नसेल तर शंका घ्या. कधी कधी तर ती पट्टी उचलायची नसतेच, कुणीतरी डायनॅमोची नाहीतर फिल्टरची पट्टी तिथे मारलेली असते. आणि शोसाठी तयार केलेल्या गाड्यांत तर पट्ट्याच नसतात, "दिसायला बरं नाही" म्हणून काढून टाकलेल्या, मग पुढचा मेकॅनिक चेन टॅपेट कव्हरच्या स्टडला किंवा मॅनिफोल्डला गुंडाळतो. ते स्टड कव्हर दाबून धरायला आहेत, इंजिन टांगायला नाहीत.

इंजिन खरंच मोकळं झालंय का

हाही खर्च शून्य. मोठे बोल्ट सगळ्यांच्या लक्षात असतात, छोट्या गोष्टी राहतात. अर्थची पट्टी, सायलेन्सर पाइपचा फ्लँज, क्लचची लिंक, ऍक्सिलरेटरचा रॉड, डिझेलचे पाइप, हीटर असेल तर त्याचा होज, आणि जुन्या फाउंडेशनचं (इंजिन ज्या आधारांवर बसतं त्यांचं) रबर जे वितळून चेसिसला चिकटलेलं असतं. हे शेवटचं सगळ्यात फसवं, कारण बोल्ट काढलेला दिसतो. पहारीने हलकं उचकटून बघा, चारी फाउंडेशनवर इंजिन थोडं थोडं हललं पाहिजे.

यात महत्त्वाचं असं की कुप्पीला माहीत नसतं समोर किती वजन आहे. तुम्ही साखळी ओढत राहता, ती ओढत राहते. इंजिन अडकलेलं असेल तर पट्टीवर इंजिनचं वजन येत नाही, कुप्पीची ताकद येते, आणि एक टनाची कुप्पी एक टन ओढून दाखवते. मग काहीतरी सुटतं आणि सगळं उडी मारतं. पट्टीचं भोक लांबट होतं ते अशा वेळी.

गियरबॉक्स चेसिसवरच ठेवणार असाल तर त्याच्याखाली जॅक हवाच. इंजिन आधी सरळ पुढे यायला पाहिजे, शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत, आणि मगच वर. शाफ्ट अर्धा आत असताना वर घेतलं तर सगळं वजन प्लेटच्या मधल्या हबवर येतं, प्लेट वाकते, आणि गाडी जोडल्यावर क्लच थरथरतो तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही की हे इंजिन उतरवताना झालं.

गियरबॉक्ससकट एकदम काढायचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. वजन मागे जातं. दोन्ही पट्ट्या इंजिनच्या पुढे-मागे आहेत, गियरबॉक्स त्या दोघींच्या बाहेर लोंबतो, म्हणजे मागच्या पट्टीवर जवळपास सगळंच येतं आणि पुढची नुसती शोभेला. करायचंच तर गियरबॉक्सला वेगळा पट्टा, वेगळा आधार.

चेनचा कोन (इथेच घोडं पेंड खातं)

आमच्याकडे आलेल्या वाकलेल्या पट्ट्यांपैकी बहुतेक आत वाकलेल्या असतात, आणि त्याचं कारण गाळ्यांची उंची. कळंबोली काय, तुर्भे काय, वागळे इस्टेटमधले जुने गाळे काय, वर पोटमाळा काढलेला असतो, गर्डर खाली आलेला असतो. ट्रक आधीच उंच, इंजिन चेसिसवरून बाहेर काढायचं म्हणजे वर जागा पाहिजे. जागा नाही म्हणून चेन आखूड घेतात. चेन आखूड घेतली की ती आडवी होते. आणि चेन जेवढी आडवी तेवढी ती पट्ट्यांना एकमेकींकडे ओढते.

हिशोब बघा, घाबरू नका, सोपा आहे. समजा इंजिन ४५० किलोचं आणि दोन चेनवर सारखं वाटलेलं. दोन्ही चेन सरळ उभ्या असत्या तर प्रत्येकीवर २२५ किलो. चेन जमिनीशी ६० अंशात असेल तर प्रत्येकीत २६० किलो. ४५ अंशात ३१८. ३० अंशात पूर्ण ४५०, म्हणजे प्रत्येक चेन एकटीच अख्खं इंजिन उचलल्यासारखी. आणि १५ अंशावर नेलंत, जे कमी उंचीच्या गाळ्यात सर्रास चालतं, तर एकेका चेनमध्ये ८७० किलोच्या आसपास.

पण पट्टीला मारतो तो यातला आडवा भाग. ६० अंशाला पट्टी आत ओढली जाते ती १३० किलोने, ४५ ला २२५ ने, ३० ला ३९० ने. पट्टी ही स्टीलच्या फूटपट्टीसारखी आहे, लांबीच्या दिशेने कितीही ओढा काही होत नाही, सपाट अंगावर बोटाने दाबली तरी वाकते. जुन्या इंजिनांवर पुढची पट्टी बऱ्याचदा इंजिनला आडवी लावलेली असते, म्हणजे तिचं सपाट अंग नेमकं मागच्या पट्टीकडे तोंड करून, आणि आखूड चेन तिला नेमकं त्याच अंगावर ओढते. मग जाड पट्टी बनवली काय, डबल पट्टी बनवली काय, ती आडवी ओढ आता बोल्टच्या मुळाशी जाते.

टेप काढा आणि मोजा. कोनमापक लागत नाही. दोन्ही पट्ट्यांच्या भोकांमधलं अंतर जेवढं, निदान तेवढी लांब प्रत्येक चेन पाहिजे, हुकापासून पट्टीपर्यंत. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की ६० अंश आपोआप आला. भोकांत ८० सेंटीमीटर अंतर असेल तर प्रत्येक बाजूला ८० ची चेन, आणि मग हुक पट्ट्यांच्या वर साधारण ७० सेंटीमीटर येतो. एवढी जागा गाळ्यात नाही? मग गाडी बाहेर काढा, किंवा आडवी दांडी वापरा.

आडवी दांडी म्हणजे चॅनलचा नाहीतर जाड पाइपचा तुकडा, दोन टोकांना खाली हुक, वर मधे कुप्पी. चेन दांडीपासून पट्टीपर्यंत सरळ उभी येते, आडवी ओढ दांडी स्वतः खाते, पट्टीला फक्त वरची ओढ. पट्ट्या वाकायचा प्रश्न याने मिटतो, खरंच मिटतो. स्क्रू फिरवून हुक पुढे-मागे करता येणारे तयार लेव्हलरही मिळतात, पण त्यावर किती किलो लिहिलंय ते वाचा, गाड्यांच्या छोट्या इंजिनांसाठी बनवलेले हलके लेव्हलर ट्रकच्या इंजिनला लावलेले मी बघितलेत. दांडी स्वतः बनवणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याला वजन आणि लांबी दोन्ही सांगून बनवून घ्या, भंगारातला गंजका पाइप कापून नव्हे.

एक सवय मात्र आजच सोडा. एकच चेन दोन्ही पट्ट्यांतून ओवायची आणि मधे नुसती हुकावर टाकायची. इंजिन जरा कलंडलं की चेन हुकावरून सरकते, आणि कलंडलेलं आणखी कलंडतं, थांबवायला कुणीच नसतं. मधे रिंग किंवा शॅकल (पिनवाली यू आकाराची कडी) टाकून चेन तिथे पक्की झालीच पाहिजे.

इंजिन तिरकं का उचललं जातं तेही इथेच सांगतो. टांगलेली वस्तू तिचा तोल हुकाच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरते. फ्लायव्हील आणि क्लच मागे, म्हणून तोल मधल्यापेक्षा मागे. मागची बाजू लोंबत असेल तर इंजिन खाली टेकवा, रिंग एक-दोन कड्या मागे सरकवा, परत उचला. माणूस पुढच्या टोकावर बसवून तोल साधायचा नाही! (होय, बघितलंय. माथाडीतला चांगला दणकट गडी होता.)

हुक, शॅकल, बेल्ट

कुप्पीचा हुक थेट पट्टीच्या भोकात घालतात. भोक लहान असेल तर हुकाचं फक्त टोक जातं, आणि हुकाची ताकद त्याच्या पोटात असते, टोकात नसते. टोकावर भार आला की हुक उघडतो आणि भोकाची कड एका बिंदूवर चेपते. मधे शॅकल घाला, पिन पट्टीच्या भोकातून, भोकापेक्षा जरा बारीक पण फार बारीक नको. शॅकलवर भार आकडा ठोकलेला पाहिजे, नुसता चकचकीत पिवळा रंग चालत नाही. गेट बांधायच्या चेनीही चालत नाहीत, माल उचलायच्या चेनच्या कड्यांवर ग्रेडचा शिक्का असतो, तो नसेल तर ती चेन कुत्र्याला ठेवा.

नायलॉनचा बेल्ट चांगला, पण पट्टीच्या भोकातून थेट ओवू नका. पट्टीची कड सुरीसारखी असते आणि बेल्ट कापला जाताना आवाज करत नाही.

ज्यांच्याकडे ती घडीची हायड्रॉलिक क्रेन आहे त्यांच्यासाठी: दोन टनवाली म्हणून घेतलेली असते, पण तिच्या हाताला चार भोकं असतात, हात पूर्ण बाहेर काढला की शेवटच्या भोकावर बहुतेक अर्धाच टन लिहिलेलं असतं. ट्रकला बंपर, क्रॉस मेंबर, पुढचा ऍक्सल, सगळं मधे येतं म्हणून हात पूर्ण बाहेर काढावाच लागतो. म्हणजे तुमची दोन टनाची क्रेन त्या क्षणी अर्ध्या टनाची आहे. आकडा हातावरच लिहिलेला असतो, वाचा.

बोल्ट

इथे खर्च सुरू होतो, पण किरकोळ.

बोल्टच्या डोक्यावर काय लिहिलंय बघा. ८.८ असेल तर ठीक, १०.९ असेल तर अजून बरं. ४.६ असेल किंवा काहीच नसेल तर तो इथला नाही, बदला. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे ताणून तुटायची ताकद ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणायला लागतो. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की हौशी लोक गाडी चमकवायला स्टेनलेसचे बोल्ट लावतात. दुकानात मिळणारा नेहमीचा स्टेनलेस ए२-७० असतो आणि तो ४५० लाच ताणायला लागतो. चमकतो जास्त, धरतो कमी. बाकी सगळीकडे लावा स्टेनलेस, उचलायच्या पट्टीला नको. क्रोम केलेले कडक बोल्टही नकोत, प्लेटिंगच्या प्रक्रियेत कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं आणि नंतर भार असताना अचानक तुटतं.

लांबी. बीडात आटे निदान बोल्टच्या व्यासाच्या दीडपट धरले पाहिजेत, म्हणजे १० एमएमच्या बोल्टला १५, १२ च्या बोल्टला १८ एमएम. भोकात तार घालून खोली मोजा, बोल्टच्या लांबीतून पट्टीची जाडी आणि वायसर वजा करा, उरतं ते आत जाणारं. मूळची पट्टी बारीक आणि वेल्डरने बनवलेली डबल जाड, बोल्ट मात्र जुनाच, मग चारच आटे धरतात आणि पहिल्या उचलीत चुरा होऊन बाहेर येतात. उलटंही होतं, बोल्ट लांब असतो, भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि पट्टी मात्र मोकळीच. ती चालू गाडीतली खडखड यातूनच येते. अंगठ्याने पट्टी हलवून बघा, घट्ट बोल्टखाली पट्टी हलत असेल तर टॅपेटला हात लावायची गरज नाही.

आणि आट्यांचं माप. बेंझच्या घराण्यातली इंजिनं एमएमची, लेलँड आणि पर्किन्स मूळ विलायतेतली म्हणून इंची. गॅरेजच्या डब्यात दोन्ही एकत्र. गंमत अशी की ३/८ इंचाचा जाड आट्याचा बोल्ट १० एमएमच्या भोकात जातो! तो साडेनऊ एमएमचा असतो, आट्यांचं अंतरही जवळपास तेच, त्यामुळे हाताने छान फिरतो, जरा ढिला वाटतो एवढंच, आणि मग पान्याने कसताना आट्यांच्या फक्त टोकांवर धरतो. ७/१६ चं १२ एमएमच्या भोकात अगदी असंच. पिच गेज घ्या, आयुष्यभर पुरतं. ते नसेल तर चांगला माहितीतला बोल्ट शेजारी धरून आट्यात आटा बसतो का ते उजेडात बघा, फट दिसली की समजा.

भोकातले आटे

बंद भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट कसला तर ते द्रव दाबलं जात नाही, बीड मात्र फुटतं. म्हणून आधी हवा मारा, डोळ्यांवर चष्मा घालून, मग कापडाची वात घालून टिपून घ्या. टॅप हाताने फिरवा, साफ करायला, नवीन आटे कापायला नाही. जोर लागला तर थांबा.

काही भोकं आरपार पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीत जातात. बोल्टच्या मुळाशी ओघळ दिसतो तो तिथला. तिथे बोल्ट कोरडा लावला की गंज आतून आटे खातो आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. साफ करून आटे चांगले असतील तर थ्रेड सीलंट लावून बसवा. आटे बारीक झाले असतील तर त्या भोकावर वजन टांगू नका.

आटे गेलेत पण भोवतीचं बीड शाबूत आहे, तर हेलिकॉइल (आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची स्प्रिंग) बसवता येते, आणि नीट बसवली तर बीडातल्या मूळ आट्यांइतकी धरते. पण ड्रिल काटकोनातच जायला हवं, हातातल्या ड्रिलने हेडच्या कडेला ते जमत नाही. आमच्या शेजारच्या लेथवाल्या काकांकडे एकदा एक मुलगा हेड घेऊन आला, म्हणाला, "काका, तिरकं गेलंय थोडंसं, मोठा बोल्ट मारून द्या." काकांनी भोकात बोल्ट उभा करून दाखवला, तो चक्क शेजारच्या पाण्याच्या भोकाकडे बघत होता. मोठा बोल्ट मारायला तिथे बीडच उरलेलं नव्हतं.

इंचभर उचला आणि थांबा

आत्तापर्यंतचं सगळं झालं की इंजिन फाउंडेशनवरून एक इंचच वर घ्या आणि हात सोडा. चहा येईपर्यंत लटकू द्या. खाली कुणी नाही, इंजिन आणि चेसिसच्या मधे बोटं नाहीत. आवाज ऐका. पट्टीच्या मुळाशी बघा, हेड आणि पट्टीच्या मधे कागद जाईल इतकी फट पडली का, रंग तडकला का. काही दिसलं तर इंचभरच खाली यायचंय. पाच फुटावर असताना दिसलं तर काय करणार?

पावसाळ्यात तिपाईवर काम करणाऱ्यांनी पायांखाली फळ्या घाला. कळंबोलीच्या मोकळ्या प्लॉटवर जून-जुलैत एक पाय हळूहळू रुततो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सरळ उभी असलेली चेन तिरकी होते.

भेग

पट्टीत आणि पट्टीच्या बोल्टभोवतीच्या बीडात. जुनी पद्धत, जागा साफ करा, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा, मग खडूची पूड किंवा चुन्याचं पातळ पाणी लावून वाळवा. भेग असेल तर आतलं रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटते. यापेक्षा खात्रीचं म्हणजे तीन डब्यांचं डाय किट, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. मुरायची वेळ डब्यावर दिलेली असते तेवढी द्या, लोक घाईत पाच सेकंदांत पुसतात आणि मग "काही नाही" म्हणतात.

पट्टीत भेग असेल तर पट्टी भंगारात. वेल्ड नाही.

नवीन बनवायची तर साध्या माइल्ड स्टीलची, मूळच्या जाडीची. कमानीच्या (ट्रकच्या स्प्रिंगच्या) पाट्याची बनवू नका, हे ट्रकवाल्यांचं फार आवडतं काम आहे कारण पाटे गॅरेजमध्ये पडलेलेच असतात आणि "पाटा म्हणजे कडक" असं वाटतं. कडक आहेच, म्हणूनच नको. गॅसने कापला की कडेला ठिसूळ होतो, आणि माइल्ड स्टील जसं आधी वाकून दाखवतं तसं तो दाखवत नाही, सरळ तुटतो. भोक ड्रिलने पाडायचं, गॅसने नाही. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाएवढं तरी लोखंड ठेवा, सगळ्या कडा कानसीने मारा, आणि वाक देताना कोपरा तीक्ष्ण नको, आतली गोलाई निदान पट्टीच्या जाडीइतकी.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बोल्टबरोबर बीडाचा तुकडा निघाला असेल, हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये भेगेची रेघ दिसली असेल, बोल्ट आत तुटला असेल आणि भोक पाण्याच्या बाजूचं असेल, तर तुमचं काम संपलं. बीडाचं वेल्डिंग आधी तापवून, नंतर हळू गार करून करायचं काम आहे, रस्त्यावरच्या वेल्डरचं नाही. त्याने टाका मारला की बाजूलाच नवी भेग जाते, कधी गार होताना "टिक" असा आवाजही येतो. हेड मशीन शॉपला द्या, रबाळे-तळोजा एमआयडीसीत हे करणारे आहेत, आणि जुन्या टाटाचं दुसरं हेड भंगारात मिळण्याची शक्यता अजून आहे, फार्गोचं नाही, त्यामुळे फार्गोवाल्यांनी जास्तच लवकर थांबावं.

तीच पट्टी सगळं तपासूनही दुसऱ्यांदा वाकली तरी थांबा, म्हणजे वजन किंवा ओढ तुमच्या अंदाजापेक्षा वेगळी आहे. कुप्पी, चेन, शॅकल यांचं शेवटचं टेस्टिंग कधी झालं ते कुणालाच आठवत नसेल तर तेही करून घ्या. कारखान्यांना वर्षातून एकदा सक्षम माणसाकडून उचलायचं सामान तपासून घ्यायची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम २९ ने आणली होती, गॅरेजमध्ये ते कुणी विचारत नाही म्हणून वजन कमी होत नाही.

गाळ्यात उंची नाही, आडवी दांडी नाही, किंवा गियरबॉक्ससकटच काढायचंय, तर हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) बोलवा. स्टील मार्केटमुळे कळंबोलीत त्या कायम फिरत असतात. फोनवर नुसतं "इंजिन उचलायचंय" म्हणू नका. वजन जास्तीचंच सांगा, गियरबॉक्ससकट असेल तर तसं सांगा, हायड्रा गाडीच्या पुढून येऊ शकते की बाजूने ते सांगा, वर विजेच्या तारा आहेत का ते सांगा. आणि पोचल्यावर ऑपरेटर दादांनी त्यांची स्वतःची आखूड चेन काढली तर त्यांना नम्रपणे थांबवून तुमची मोजलेली चेन द्या, रिंग कुठल्या कडीवर हवी ते आधीच खडूने खूण करून ठेवा, आणि सिग्नल द्यायला एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी तोंड बंद.

नवीन बोल्ट बसवताना टॉर्क (कसायचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, मॅन्युअल नसेल तर कोरड्या ८.८ च्या १० एमएम बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ ला ८० च्या आसपास. ऑइल लावलेले असतील तर थोडं कमी.